जायला साडेसात, यायला साडेचार

विमानात एकदाही पाऊल न ठेवता मुंबईला सर्वांत जास्त वेळा जाऊन आलेला माणूस कोण, असं जर कुणी मला विचारलं, तर मी डोळे झाकून माझ्या थोरल्या मामांकडे बोट दाखवीन. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ते प्लेझान्सच्या विमानतळावरून सुटत आणि दर सोमवारी दुपारी बाराला परत उतरत. आता, या दोन्ही वेळी त्यांचे पाय मॉरिशसच्या जमिनीवरच असत ही गोष्ट वेगळी. रविवारी ते विमानतळाजवळच्या प्लेन मान्येन गावातल्या आपल्या घराच्या गच्चीवर छत्री उघडून उभे असत आणि सोमवारी साखर कारखान्यातल्या आपल्या खोलीच्या पायरीवर. पण मुंबईला जाण्यासाठी मुंबईला जावं लागतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी माझे मामा पाहिलेले नाहीत.

मामा कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकापाशी एक ठेंगणी खोली, तिच्यात एक उंच स्टूल, भिंतीवर एक घड्याळ, मामांच्या मनगटावर दुसरं, आणि समोर कामगारांच्या पिवळ्या कार्डांची चवड. माणूस आत आला की वेळ लिहायची, बाहेर पडला की वेळ लिहायची, आणि संध्याकाळी दुसरीतून पहिली वजा करायची. पंचवीस वर्षं त्यांनी ही वजाबाकी केली आणि तिच्यात कुणालाही कधी चूक काढता आली नाही. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं सत्य हे निघाल्याच्या आणि पोचल्याच्या वेळेत दडलेलं असतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा होऊन बसली. लग्नाला गेले की मांडवाच्या दारात ते आधी घड्याळ बघत, मग नवरदेव. मामी बाजारात गेली तर तिचंही कार्ड मनातल्या मनात भरलं जाई, आणि ती परत येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत आतून "एक तास धा" एवढंच ऐकू येई. मामी त्यावर अवाक्षर काढत नसे. फक्त त्या दिवशीच्या भाजीत मीठ जरा सढळ हातानं पडे.

मुंबईचं वेड त्यांना नेमकं कधी लागलं ते सांगता येणार नाही, पण ते शाळेच्या एका जुन्या नकाशापासून सुरू झालं एवढं नक्की. प्लेझान्सपासून मुंबई किती लांब, हे त्यांना स्वतः मोजून पाहायचं होतं. पुस्तकात छापलेलं अंतर त्यांना मान्य नव्हतं, कारण ते लिहिणारा माणूस किती वाजता निघाला होता हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. घरात हाताला आला तो पायजम्याच्या इलॅस्टिकचा तुकडा. तो त्यांनी नकाशावर ताणून धरला, मग खालच्या मापपट्टीवर धरला, आणि मुंबई कधी मादागास्करच्या शेजारी आली तर कधी थेट हिमालयात गेली. आठवडाभर हे चाललं होतं. ज्या दिवशी मामांचं मन प्रसन्न असे त्या दिवशी देश जवळ येई, आणि कारखान्यात कुणाशी वाजलं असेल तर लांब जाई. शेवटी मामीनं वैतागून शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा हातात दिला, आणि मुंबई एकदाची सत्तेचाळीसशे किलोमीटरवर येऊन स्थिर झाली. तो दोरा त्यांनी गुंडाळून पाकिटात ठेवला. पुढं कुणी मुंबईचं नाव काढलं की ते तो बाहेर काढून म्हणत, "ही बग. एवडी हाय."

त्यानंतर शेजारच्या एका गृहस्थांनी त्यांना विमानांचं छापील वेळापत्रक आणून दिलं. हे गृहस्थ विमानतळावर सामान चढवायचं काम करत, आणि आपण मामांच्या हातात काय देतो आहोत याची त्यांना बिचाऱ्यांना कल्पना नव्हती. विमानाला प्लेझान्स ते मुंबई सरासरी सहा तास लागतात हे त्यांच्याकडून ऐकल्यावर मामांनी वेळ मोजायची सगळी जुनी मापं टाकून दिली आणि 'मुंबई' हे एकच माप धरलं. न्हाव्याकडे पाव मुंबई जाई. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं गणेशोत्सवातलं भाषण अर्ध्या मुंबईच्या खाली कधी आलं नाही. माझं लग्न, मामांच्या नोंदीप्रमाणे, एक मुंबई आणि वर वीस मिनिटं चाललं. उत्तरेला पितोंला मामीचं माहेर होतं. तिथं जायचं म्हणजे दोनदा बस बदलायची, आणि तोडणीच्या हंगामात उसाच्या गाड्यांमागून रखडत जायचं. त्या प्रवासाला अर्धी मुंबई लागते, परतताना पुन्हा अर्धी, मग तेवढ्यात मुंबईलाच का जाऊ नये, असा त्यांचा सवाल असे. मामी म्हणे, "जावा की. माजा भाव काय मुंबैला हाय?" हे माप इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा शिक्षकांच्या खोलीत मीच बोलून गेले की माझा तिसरीच्या वर्गाचा तास एकअष्टमांश मुंबईचा आहे. मी क्युरपीपच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. भूगोलाच्या बाईंना हे शोभत नाही, असं मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं मला दिसलं.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी होतं. पुढं एका रविवारी मामांनी वेळापत्रकाचं कार्ड भरलं आणि घोटाळा झाला. विमान प्लेझान्सहून सकाळी नऊला सुटे आणि मुंबईला दुपारी साडेचारला पोचे. वजाबाकी केली, साडेसात तास. मुंबईहून सकाळी साडेसातला सुटे आणि इथं बाराला उतरे. वजाबाकी केली, साडेचार तास. तेच विमान, तोच दोरा, आणि जायला साडेसात, यायला साडेचार. ज्या माणसाच्या वजाबाकीत कधी चूक निघाली नाही, त्याला आपली वजाबाकी चुकली असेल अशी शंका येण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी तीनदा ताळा करून पाहिला आणि मग शांतपणे जाहीर केलं, "वाटंत घाट हाय."

हे त्यांनी हवेतून काढलेलं नव्हतं. आमच्या पणजोबांच्या आधीची पिढी कोकणातून जहाजानं इथं ऊस तोडायला आली. त्यांनी बरोबर आणलेल्या सामानातलं काहीच आता उरलेलं नाही, पण शब्द उरले. आमच्या घरात हिंदुस्थानाला 'देश' म्हणत आणि तिकडं जाण्याला 'देशावर जाणं'. कोकणातल्या माणसाचं देशावर जाणं म्हणजे घाट चढून वर पठारावर जाणं, हे मला पुढं पुस्तकांतून कळलं. मामांच्या आजीला ते न वाचता ठाऊक होतं. देशावर जायचं तर घाट लागतो, घाटात बैल दमतो, उतरताना मात्र गाडी आपोआप पळते, असं ती मांडीवरच्या नातवाला सांगे. नातू मोठा झाला, टाइमकीपर झाला, आणि त्याला वेळापत्रकात आजीचा घाट सापडला. शिवाय त्यांच्याजवळ रोजच्या अनुभवाचा पुरावा होता. प्लेन मान्येनहून क्युरपीपला येणारी बस नुव्हेल फ्रांसची चढण चढताना धापा टाकते आणि परत जाताना मोकाट सुटते. लांबी तीच, चढण वेगळी. "मो दिर त्वा, बाय," ते मला क्रेओलमध्ये बजावत, म्हणजे मी तुला सांगून ठेवतो, "जाताना मोंते, येताना देसान." चढ आणि उतार. एवढं साधं तुझ्या भूगोलाला कळत नाही, हे ते तोंडानं म्हणत नसत, पण भुवयांनी म्हणत.

मामीला हा घाट अजिबात मान्य नव्हता. तिचं म्हणणं असं की विमान इथलंच आहे, आणि घराकडं तोंड केलं की कुठलंही जनावर पाय उचलतं. तिच्या माहेरी एक बैल होता, तो कारखान्याकडे जाताना दर दहा पावलांवर थांबायचा आणि गोठ्याकडे येताना गाडीवानाला खाली पाडून यायचा. या दोन सिद्धान्तांवर त्या घरात वर्षानुवर्षं वाद चालला. तिसरा सिद्धान्त माझा होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं.

रविवारचा सोहळा बघण्यासारखा असे. नऊला विमान उसावरून वर चढलं की मामा घड्याळ बघून खाली येत आणि जेवणाला बसेपर्यंत ते कुठवर गेलं याच्या बातम्या देत राहत. बाराच्या सुमाराला त्यांचा आवाज उतरे. "घाट लागला," ते म्हणत. मग पाऊण तास त्या घरात रेडिओ बंद, मोठ्यानं बोलणं बंद, आणि तळण तर मुळीच नाही, कारण कढईत काही चर्रर्र वाजलं की मामांना तिकडं इंजिनात काहीतरी झाल्यासारखं वाटे. मामी गिलक्याच्या चकत्या पिठात बुडवून हात आवरून बसे. मामा स्वतः पाटावर पुढं झुकून बसत आणि उजवा पाय जमिनीवर असा रोवत की बघणाऱ्याला वाटावं, मागून विमान हेच ढकलताहेत. पाऊण तासानं ते सैल होत, घाम पुसत आणि म्हणत, "चडलं. टाक भजी."

मी भूगोलाची शिक्षिका. माझा सख्खा मामा हिंदी महासागरात घाट आहे असं गावभर सांगत फिरतो, ही गोष्ट मी किती दिवस सहन करणार? एका रविवारी मी कंबर कसली. मामीच्या स्वयंपाकघरातला एक गोल भोपळा उचलला, खिडक्या लावल्या, टेबलावर दिवा पेटवला, आणि पृथ्वी, सूर्य, आणि एकाच वेळी मुंबईच्या आणि आमच्या घड्याळांत दीड तासाचं अंतर का असतं, हे सगळं वर्गात समजावते त्याहून दुप्पट प्रेमानं समजावून सांगितलं. आपल्या घड्याळात निघायचं आणि त्यांच्या घड्याळात पोचायचं, मग वजाबाकी जुळणार कशी? दोन्ही बाजूंनी सहाच तास, मामा. मामा फार लक्ष देऊन ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी भोपळा हातात घेतला, मी खडूनं काढलेल्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातली मुंबै कंची?" मी दाखवली. "मंजे वरची." मी म्हटलं, हो, नकाशात ती वर येते, पण त्याचा अर्थ... "आनी आमी खाली." मामांनी भोपळा मामीच्या हातात दिला आणि तिनं तो तिथल्या तिथं चिरला. भूगोलाचा इतका चविष्ट पराभव मी पुन्हा पाहिला नाही.

इंदू नसती तर हे असंच चालू राहिलं असतं. इंदू ही मामांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी. संध्याकाळी देवळाच्या ओसरीत ती लहान मुलांना मराठी शिकवी. मुलं तिच्याशी क्रेओलमध्ये बोलत, ती हट्टानं मराठीत उत्तरं देई, आणि तासाभरानं दोन्ही बाजू दमून घरी जात. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला तिला मुंबईच्या कॉलेजात मराठी शिकायला जागा मिळाली. तीन वर्षांचा अभ्यास, राहणं मुलींच्या वसतिगृहात. पत्र आलं आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. नुव्हेल फ्रांसहून नातेवाईक गाडी भरून आले आणि तरण्या पोरीला एकटीला सात समुद्रांपलीकडे धाडायचं नसतं असं एका सुरात सांगून, भरपूर जेवून गेले. मामी चुलीपाशी बसून डोळे पुशी. इंदूनं जेवण सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. सगळं मामांच्या सहीवर अडलं होतं.

आणि मामा, ज्यांनी आयुष्यभर मुंबईचा जप केला, ते आता मुंबईचं नाव काढेनात. दोन रविवार ते गच्चीवर गेले नाहीत. सहीचा कागद त्यांनी वेळापत्रकाच्या घडीत ठेवून दिला होता. मी गेले तेव्हा इंदूनं मला मागच्या दारी न्हाणीपाशी गाठलं. ती म्हणाली, बाबा रोज रात्री ते साडेचार तासांचं गणित करतात, त्यांना फक्त एवढंच हवंय की मी लवकर परत येऊ शकते. मग माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुजा तो भोपळा आता काडू नको."

तिसऱ्या रविवारी मामांनी मला समोर बसवलं. कागद मांडीवर, पेन हातात. "बाय," ते म्हणाले, "तू भूगोल शिकवतेस. खोटं सांगू नको. यायला साडेचारच ना? सांजच्याला हाक मारली, सकाळच्याला ती निगाली, तर दोपारच्या जेवनाला पोरगी घरात?"

मी म्हटलं, "हो मामा. साडेसातला निघाली की बाराला घरात."

शब्द न् शब्द खरा होता, आणि तरीही ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत निगरगट्ट खोटं होतं. कारण त्यांना बाराचा आकडा नको होता, उतार हवा होता, आणि तो मी दिला. त्यांनी सही केली. इंदू आतल्या खोलीत गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या तळाशी काहीतरी बोचत राहिलं, ते पुढं अनेक वर्षं तसंच होतं.

तिला पोचवायला प्लेझान्सला अर्धं गाव लोटलं. मामीनं लोणच्याच्या इतक्या बरण्या बांधल्या होत्या की त्या सामानवाल्या शेजाऱ्यांनी, नोकरीवर असूनही, ओळख दाखवली नाही. मामांनी मात्र तिच्या हातात एकच वस्तू ठेवली, एक हिरवट पिवळं लिंबू. तीन तासांनी घाट लागेल, वळणं असतील, पोटात ढवळेल, तेव्हा डोळे मिटायचे आणि हे हुंगायचं. आजूबाजूचे लोक बघत होते. इंदूनं लिंबू पदरात बांधून घेतलं.

तिचं पहिलं पत्र आलं आणि मामांचा जीर्णोद्धार झाला. पत्रात लिहिलं होतं की बारा वाजण्याच्या सुमाराला विमान चांगलंच हलायला लागलं, वीस मिनिटं खाली-वर होत राहिलं, सगळ्यांना पट्टे बांधायला लावले, आणि लिंबू फार कामाला आलं. विषुववृत्तापाशी ढगांत विमानं अशी हलतात हे मला ठाऊक होतं. भोपळा मी काढला नाही. मामांनी ते पत्र कारखान्यात, देवळात, न्हाव्याकडे आणि बसमध्ये वाचून दाखवलं. घाट डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता घरातलंच होतं, त्यामुळे मामीनं बैल मागं घेतला.

तीन वर्षांनी इंदू परत आली, सहा आठवडे राहिली आणि मुंबईतच लग्न करायचं ठरवून गेली. मुलगा कॉलेजात शिकवणारा, पार्ल्याला घर, माणसं चांगली. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हो म्हणाले. ते नाही म्हणतील असं इंदूला वाटत होतं आणि त्यांनी नाही म्हणावं असं मामीला वाटत होतं. त्यानंतर हाक मारायचा प्रश्न उरला नाही. लग्न झालेल्या मुलीला कुठला बाप सांजच्याला हाक मारतो? मामा रविवारी गच्चीवर जात, पण खाली येऊन बातम्या देत नसत. मामी बाराला भजी तळू लागली तरी त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसांत मला त्यांच्या घरी जायला जड वाटे.

मामा निवृत्त झाले त्या वर्षी इंदूला मुलगी झाली आणि तिनं दोघांना बोलावून घेतलं. इतकी वर्षं मुंबईला जाऊन आलेले मामा आता खरोखर मुंबईला निघाले, आणि एखादं लहान पोर पहिल्यांदा शाळेला निघतं तसे घाबरले. नवा कोट, छत्री, दोन लिंबं, पाकिटात पांढरा दोरा, आणि खिशात कारखान्यातून मागून आणलेलं एक कोरं पिवळं कार्ड. पुढची हकीगत इंदूच्या पत्रातून कळली. विमान मुंबईला पोचायच्या आधी हवाई सुंदरीनं सगळ्यांना घड्याळं दीड तास पुढं करायला सांगितलं. मामांनी हात वर केला. ती जवळ आल्यावर त्यांनी विचारलं की हा दीड तास कुणाच्या नावावर टाकायचा. तिला प्रश्न समजला नाही. मग त्यांनी सांगितलं की पंचवीस वर्षांत आपण कुणाला दीड मिनिट दिलेलं नाही, आणि घड्याळाला हात लावला नाही. महिनाभर ते पार्ल्यात मॉरिशसच्या वेळेनं राहिले. इंदूच्या घरी बाराला जेवायची रीत, मामांना बारा वाजत दीडला, आणि व्याही इतके सज्जन की पाहुण्यांच्या आधी पान वाढून घेणार नाहीत. महिन्याच्या शेवटी व्याही बरेच सडपातळ झाले होते, असं इंदूनं लिहिलं होतं.

परतीच्या सोमवारी मी रजा काढून प्लेझान्सला गेले. मनात धाकधूक होती. घड्याळाला हात लावला नाही म्हणजे त्यांना सहा तास दिसले असणार, जाताना सहा आणि येतानाही सहा. घाट गेला, उतार गेला, आणि मांडीवर कागद घेऊन त्यांनी मला जे विचारलं होतं त्याचा हिशोब आज होणार. मामा बाहेर आले ते शांतपणे. गाडीत मामी नातीचं कौतुक सांगत होती, ते खिडकीतून उसाकडे बघत होते. घरी आल्यावर कोट न काढता ओसरीवर बसले, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. दोन ओळी होत्या. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच टपोरं. जाताना सहा. येताना सहा.

मी म्हटलं, "मामा, मला माहीत होतं."

"तुला ठाव हाय ते मला ठाव हुतं," ते म्हणाले. "भूगोल शिकवतेस तू. पन तवा मला साडेचार पायजे हुतं." मामी आत चूल पेटवत होती. त्यांनी पाकिटातला दोरा काढला, बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. "पोरगी रैवारी साडेचाराला काय करती, ठाव हाय? माडीच्या कठड्याला जाऊन हुबी ऱ्हाते. आमचं आव्यों, आमचं इमान, उतरताना बगते. इतकी वर्सं. मला कदी लिवलं न्हाय."

मी कार्ड पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

"घाट हाय, बाय," मामा म्हणाले. "कार्डात दिसत न्हाय, पन हाय. आमी उलट्या अंगाला धरला हुता. घाट येताना लागतो, पोरीला तितं ठिवून."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मामा गेले. त्या शेवटच्या वर्षांत ते रविवारी गच्चीवर जात नसत, सोमवारी जात. बाराच्या आधी अर्धा तास मामी कढई उतरवून ठेवी आणि मामा पाय रोवून पुढं झुकून बसत, येणाऱ्या विमानात कोण असेल त्याच्यासाठी. मी त्यांना एकदाही हसले नाही. त्यांच्याइतकं मला कुणी हसवलं नाही, आणि त्यांची आठवण येते तितकी कुणाची येत नाही.

इंदूकडे मी आता दोन-तीन वर्षांनी जाते. जाताना मजेत जाते, खाते, झोपते, घड्याळ मुकाट्यानं दीड तास पुढं करते. निघताना ती दारात माझी पर्स उघडते आणि आत एक लिंबू टाकते. विमान सुटून तासभर झाला की मी ते काढते, डोळे मिटते आणि हुंगते.